सवयीचा हात

उंदीर चावला तेव्हा उज्वलाला आधी दुखलं नाही, आधी लाज वाटली. हातमोज्याच्या पातळ रबरातून दात आरपार गेले होते, तर्जनीच्या पेरावर आतून एक लाल ठिपका पसरत होता, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तो पांढरा जीव मागच्या पायांवर उभा राहून, गुलाबी पोट उघडं टाकून तिच्याकडे बघत चिरकत होता. "मॅडम, खून!" शेजारी उभी असलेली इन्शा ओरडली, आणि स्वतःच्याच शब्दाला दचकून म्हणाली, "म्हणजे रक्त. रक्त येतंय तुमचं." "काही नाही. पिंजऱ्याचं दार लाव," उज्वला म्हणाली. पण इन्शाने दार लावलं नाही. तिने आपला हात आत घातला, तळवा वर करून तुसावर नुसता ठेवला, आणि चिरकणं थांबलं. उंदीर खाली बसला, मिशा हलवत पुढे आला, बोटं हुंगली आणि तळव्यावर चढून अंग चोरून बसला. इन्शा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. खालमानेनेच म्हणाली, "आज त्याचा मूड नाही मॅडम." शिकायला आलेल्या पोरीने शिकवणारीला सांभाळून घेतलं, आणि मास्कच्या आत उज्वलाचा चेहरा कानांपर्यंत तापला.

त्या कॉलेजात, औषधनिर्माणशास्त्राच्या खात्यात, उज्वलाचा हात प्रसिद्ध होता. उज्वला मॅडमने धरला की उंदीर घोरायला लागतो, असं खात्यातले लोक चहा पिताना म्हणत. थट्टाच ती, पण तिला आवडायची. दुसऱ्यांचे विद्यार्थीसुद्धा धरणं शिकायला तिच्याकडे येत. पाठीवरून तळहात अलगद उतरवायचा, अंगठा आणि तर्जनी पुढच्या दोन पायांखालून आणायची, दाबायचं नाही, नुसता आधार द्यायचा. एवढ्यावर कुणालाही वाटे, झालं की, आलं. पण तिच्याकडे पहिल्या दिवशी उचलूच दिलं जात नसे. पहिल्या दिवशी हात आत ठेवायचा आणि गप्प बसायचं. त्याला येऊ दे, हुंगू दे, पळू दे, परत येऊ दे. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर रोज, त्याच वेळेला, त्याच माणसाने. नव्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटे. त्यांना सूज मोजायची घाई असे. सूज उतरवणारं औषध शोधायचं तर आधी प्राण्याच्या पायाला सूज आणावी लागते, ती किती चढली, किती उतरली ते मोजावं लागतं, आणि तो खरा अभ्यास असं त्यांना वाटे. उज्वला म्हणे, सूज मोजायच्या आधी हात ठेवायला शिका. भ्यालेल्या प्राण्याच्या अंगात भीतीचीच अशी द्रव्यं सुटतात की सूज मुळात नीट चढतच नाही. मग तुमच्या औषधाने उतरली की भीतीने चढली नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि नियम असे की डोक्याला तेल नको, अत्तर नको, कांदाभजी खाऊन आत यायचं नाही, साबण सगळ्यांनी एकच वापरायचा. मालेगावहून इन्शा पहिल्यांदा आली तेव्हा ईद नुकतीच झाली होती, आणि ती दारात उभी राहिली की व्हरांड्याच्या टोकापर्यंत गुलाब कळायचा. उज्वलाने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरगी कोरडी ठणठणीत होऊन आली, आणि म्हणाली, "अम्मी विचारते, तू नाशिकला शिकायला गेलीस का बैरागी व्हायला? म्हटलं, अम्मी, उंदरांची मर्जी सांभाळायची आहे, सासूपेक्षा कडक काम आहे."

बेसिनपाशी बोट नळाखाली धरून उज्वला उभी राहिली. पाणी गुलाबी होऊन जात होतं. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली त्यालाही आता बरेच दिवस झाले होते, पण पिंजऱ्यात हात घालायची वेळ आजच आली होती. इन्शाला इंजेक्शनाची पकड दाखवायची होती, मागचा पाय मोकळा ठेवून कसं धरायचं ते. काय बदललं? हात तोच. वळण तेच. तिने ओला हात वर करून केस मागे सारले, आणि तिला स्वतःच्याच मनगटाचा वास आला. ओवा. वावडिंग. लसणाची साल. निखाऱ्याचा धूर. ती तशीच उभी राहिली. सकाळी सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत सासूबाईंनी रुद्रला न्हाऊ घातलं होतं, गॅसवर कोळसे पेटवून लोखंडी घमेल्यात घेतले होते, वर चिमूट चिमूट टाकून त्याला धुरी दिली होती, आणि धुरात डोळे मिचकावणारं ते लालबुंद गाठोडं पंचात गुंडाळून पलंगावर ठेवलं होतं. उज्वला कॉलेजची साडी नेसून तयार होती. नियम तिला पाठ होता. तिने रुद्रला उचललं. क्षणभरच. त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं, धुरासकट, शेपेसकट, दुधाच्या आंबूस वासासकट सगळा आत ओढून घेतला, आणि सोडताना तिचे हात सुटेनात. कारण उद्या सकाळच्या गाडीने सासूबाई नांदगावला परत जाणार होत्या, आणि रुद्रला घेऊन जाणार होत्या.

जाणार होत्या, म्हणजे तसं ठरलं होतं. म्हणजे ठरलंय असं सगळे धरून चालले होते. सासूबाई, सगुणाबाई, बाळंतपणाला म्हणून आल्या त्या सहा महिने राहिल्या. नांदगावात मामंजी एकटे, बियाण्यांचं दुकान एकट्याने उघडायचं, एकट्याने बंद करायचं, रात्री शेजारणीने दिलेली भाकरी खायची. गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि फोनवर ते मुलाशी, शेखरशी, बोलताना नुसतं म्हणाले, "तुझ्या आईला तिकडं बरं वाटत असंल तर ऱ्हाऊ दे." पाळणाघरवाली म्हणाली, वर्षाचा झाल्याशिवाय घेत नाही. शेखर म्हणाला, आईकडे राहू दे ना सहा महिने, आपण शनिवारी जात जाऊ, दोन तासांचा तर रस्ता. आणि सासूबाई मायेने म्हणाल्या, मायेनेच, त्यात कुठं काही खोट नव्हती, "अगं, पोरांचं काय असतं, आठ दिवसांत सवय हुती. तू नको जीव जाळू." उज्वला तेव्हा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. पण पोळी एका कडेला पातळ होऊन फाटली. आठ दिवस. हे कुणी तिला सांगायला नको होतं. एवढ्याशा जिवाचा भरवसा एका हातावरून दुसऱ्या हातावर जायला किती वेळ लागतो, हे तर ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. कसा लावायचा, कसा टिकवायचा, कशाने मोडतो. इतर आयांना निदान एक भाबडी समजूत असते की आपलं मूल आपल्याला अंतःकरणातून ओळखतं. तिच्यापाशी ती समजूतही नव्हती. वास, वेळ, हाताची ऊब, आणि रोज येणं; एवढ्यावर सगळं चालतं. तिने ते दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं.

"इन्शा," बेसिनपासूनच ती म्हणाली, "मी आत येत नाही. माझ्या अंगाला धुरीचा वास आहे." इन्शाला कळेना. "धुरी म्हणजे?" "बाळाची. तुझा उंदरांचा सगळा गट बिघडेल माझ्यामुळे. आज तूच करायचं सगळं. मी बाहेरून सांगते." "मॅडम, अकेली?" भीती वाटली की इन्शा घरच्या भाषेवर येत असे. "एकटीने. तुझ्या हाताची सवय आहे त्यांना. माझं काय काम?" शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा जास्त धारदार निघालं, आणि ते इन्शासाठी नव्हतंच. मग असं ठरलं की इन्शाचा मोबाईल आत मांडणीवर स्पीकर लावून ठेवायचा, आणि उज्वलाने बाहेरच्या व्हरांड्यात काचेपाशी उभं राहून आपल्या मोबाईलवरून बोलायचं. आवाजाला वास नसतो. प्राणीघराची देखभाल करणारा धनराज तुसाची गोणी ओढत चालला होता, तो हे बघून थांबला. "मॅडम, कैद्याला भेटायला आल्यासारख्या उभ्या आहात," तो म्हणाला. "कोण आत, कोण बाहेर, तेवढं सांगा."

काचेच्या पलीकडे इन्शाचा हात आत गेला, पाठीवरून उतरला, अंगठा आणि तर्जनी पुढच्या पायांखाली आली. उज्वलाचा हात इकडे, रिकाम्या हवेत, नकळत तसाच वळला. तिने तो साडीच्या निऱ्यांत लपवला. "घोट्यावर शाईची खूण केलीस?" "केली." "आता पाण्याच्या नळीत पाय खुणेपर्यंत बुडव. किती पाणी वर चढलं, तेवढा पाय. वाच." इन्शाने वाचलं. मग इंजेक्शन. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली एक भुकटी असते, पाण्यात विरघळवून थेंबभर पंजाच्या कातडीखाली सोडली की तासाभरात पंजा भाकरीसारखा टम्म फुगतो. त्याआधी अर्ध्या जणांना इन्शाने निर्गुडीचा अर्क पाजला होता, अर्ध्यांना नुसतं पाणी. आता तासातासाने बुडवायचं, वाचायचं, वाट पाहायची. निर्गुडीने सूज उतरते हे कुणाही म्हातारीला ठाऊक असतं. का उतरते, कुठल्या पायरीवर उतरते, तेवढंच इन्शाला शोधायचं होतं, आणि ते तेवढंच दोन वर्षांचं होतं. हे प्राणी बिघडले असते तर पुन्हा परवानगी, पुन्हा नवे जीव. उज्वलाने काचेवर कपाळ टेकलं. सुईच्या वेळी उंदीर एकदा आक्रसला, मग इन्शाच्या अंगठ्याशी हनुवटी टेकून शांत झाला. ते वजन उज्वलाला ठाऊक होतं. तळहातावरचं ते उबदार, वाळूच्या पुरचुंडीसारखं वजन, आणि आत भिरभिरणारं काळीज, इतकं जलद की ठोके न वाटता नुसती थरथर वाटते. रुद्र पोटात होता तेव्हा सोनोग्राफीवालीने आवाज मोठा करून ऐकवला होता, आणि शेखरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा उज्वलाला पहिल्यांदा काय आठवलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. आईला हे आठवू नये. पण आठवलं, आणि त्यात तिला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. उलट वाटलं होतं, अरे, याला तर मी ओळखते.

वाट पाहण्याचे तास लांब असतात. पहिल्या वाचनानंतर इन्शाचा आवाज स्थिर झाला. उज्वलाने तिला उगाच प्रश्न घातले, परीक्षा जवळ होती म्हणून, आणि शांतता नको होती म्हणूनही. "सुजेची लक्षणं सांग." "लाली. उष्णता. फुगणं. दुखणं." "आणि पाचवं?" "ते..." "काम बंद पडणं. ज्या कामासाठी तो अवयव आहे, ते त्याला करता न येणं." बोलता बोलता तिने पदर सारखा केला. डावीकडे खांद्यापासून काखेपर्यंत ठणका सुरू झाला होता. सकाळपासून अंगावर पाजलं नव्हतं. कापडाच्या आत कातडी तापली होती, ताठ झाली होती, बोटाला गाठी लागत होत्या, आणि ब्लाउजच्या शिवणीचा स्पर्शही सहन होत नव्हता. लाली, उष्णता, फुगणं, दुखणं. एक एक करून ती स्वतःच्या अंगावर मोजत होती आणि तिला हसू येत होतं, रडूही. मागे रसायनांच्या कोठीत जाऊन तिने दाराला आतून कडी लावली, बाटल्यांच्या मांडणीला पाठ टेकली आणि पंप लावला. दूध येईना. डोळे मिटून रुद्र आणायचा प्रयत्न केला. चेहरा आला, पण गुळगुळीत, फोटोतल्यासारखा. मग तिने मनगट नाकाशी नेलं. ओवा, वावडिंग, धूर. आणि पान्हा असा फुटला की बाटली हातात डुचमळली. ज्या वासाने उंदराने तिला झिडकारलं, त्याच वासाने. बाटली भरली. आणि मग ती बाटली घेऊन ती फ्रीजपुढे उभी राहिली. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याचं काहीही ठेवू नये, ही पाटी तिच्याच अक्षरातली होती. बाहेर कडक ऊन. संध्याकाळपर्यंत नासलं असतं. तिने बेसिनमध्ये ओतलं. निळसर, पातळ, कोमट. पाणी सोडलं तरी बेसिनच्या कडेला एक पांढरा माग राहिला, तो तिने बोटाने पुसला. चावलेल्या बोटाने.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. आवाजात आनंद मावत नव्हता. "उज्वला, अगं, त्यानं बाटली घेतली! आज रडलाच नाय. माझ्याकडं टुकूटुकू बघत सगळी संपवली. आता काय काळजी नाय बघ." "हो का," उज्वला म्हणाली. "छान झालं." "तू जेवली का?" "हो." "खोटं नको बोलू. डब्यातली मेथी खा, अंगावर पितंय अजून पोरगं." अजून. तो शब्द त्यांनी सहज टाकला होता, दारात चपला काढाव्यात तसा. फोन ठेवल्यावर ती कोठीतच बसून राहिली. मागच्या आठवड्यात तिने घरी जाताच न धुता न बदलता रुद्रला घेतलं होतं, धीरच निघाला नाही, आणि त्याने तिच्या खांद्यावर नाक लावलं, नाक आकसलं, आणि मान वळवून आजीकडे हात पसरले. तूस, जंतुनाशक, उंदरांच्या मुताचा तो तिखट वास. सासूबाई हसून म्हणाल्या, "कामावरून आलेल्या मायला वळखत नाय गं हे." सगळेच हसले. तीही. दोन दारं, आणि दोन्हींवर तिला आधी हुंगून मग परत पाठवलं जात होतं. सकाळी इकडून, संध्याकाळी तिकडून. तिला एकाएकी आपल्या जुन्या अंगाची फार आठवण आली, ज्याला कुठलाच वास नव्हता, जे कुठंही जाऊ शकायचं. आणि लगेच वाटलं, छे, ते अंग नको. ते परत मिळालं तर त्यात रुद्र नसेल. तिला दोन्ही हवं होतं. इतकं साधं, इतकं हावरं, की मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

दुपार कलली. शेवटचं वाचन झालं. पाणी पाजलेल्यांचे पंजे चांगले टम्म होते, हवे तसे. म्हणजे कुणी भ्यालं नव्हतं. निर्गुडीवाल्यांचं काय ते इन्शा घरी बसून आकडे मांडील तेव्हा कळेल. आता उरलं होतं शेवटचं. सुजलेल्या पंजाचा तुकडा तपासायचा तर प्राणी ठेवता येत नाही. भुलीचं औषध जास्त द्यायचं, झोपेतच संपतं. आणि उज्वलाच्या खात्यात याही बाबतीत एक रीत होती, तिनेच घातलेली: ज्याने सवय लावली त्यानेच. परक्या हाताने नाही. इन्शाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी आता काचेपलीकडे ती सिरिंज भरून नुसती उभी होती. तळव्यावर सकाळचाच उंदीर होता, सुजलेला पाय वर धरून, तिच्या बाहीच्या आत तोंड घालून काहीतरी शोधत. "मॅडम," स्पीकरमधून आवाज आला, "तुम्ही आत या ना." "मी आले तर तो घाबरेल, इन्शा." "मला नाही जमणार. त्याला वाटतंय मी काहीतरी खायला आणलंय." "ठाऊक आहे." "त्याला माझा भरवसा आहे, मॅडम." "म्हणूनच," उज्वला म्हणाली.

हा शब्द ती दरवर्षी म्हणत आली होती. म्हणूनच. त्याला भीती वाटू नये, शेवटच्या क्षणाला तरी ओळखीचा हात असावा, म्हणूनच. त्यात दया होती, आणि ती दया खरी होती, आजही. पण आज काचेवर आपल्याच श्वासाचं धुकं जमलेलं पाहताना तिला तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटला. भरवसा कुणाच्या लायकीवर बसत नाही. जो हात रोज येतो त्याच्यावर तो बसतो, मग त्या हातात दाणा असो की सुई. जो येत नाही त्याचा हात कितीही मऊ असो, काय उपयोग? "डाव्या हाताने धर," ती हळू बोलली. "त्याच्याशी बोल. काहीही बोल. नेहमी काय बोलतेस?" इन्शा त्याच्याशी बोलली. मालेगावच्या त्यांच्या घरच्या बोलीत, लहान भावाला झोपवताना बोलतात तसं काहीतरी. "सो जा रे राजा, सो जा," एवढंच उज्वलाला कळलं. सुई गेली. तो आक्रसलासुद्धा नाही. थोड्या वेळाने बाहीतलं तोंड सैल पडलं. मग दुसरा. मग पुढचा. उज्वलाने नजर हटवली नाही. तेवढंच तिच्या हातात होतं.

सगळं आवरून इन्शा बाहेर आली तेव्हा तिने हात अंगापासून दूर धरले होते, जणू ते दुसऱ्याचे आहेत. उज्वलाने तिला जवळ घेतलं. आता घ्यायला हरकत नव्हती. आत भ्यायला कुणी उरलं नव्हतं. इन्शाने तिच्या खांद्यात तोंड लपवलं, हुंदका दिला, आणि मग तशीच, नाक ओढत म्हणाली, "तुमच्या अंगाला माझ्या आपाच्या खोलीचा वास येतोय. तिलाही आत्ता बेटी झालीय. अगदी हाच वास." "तुमच्याकडेही देतात धुरी?" "देतात ना. नानी देते. आम्ही सगळे खोकतो." दोघी हसल्या. मग इन्शा डोळे पुसून व्हरांड्याच्या कठड्याला टेकली, आणि बाहेरच्या मैदानाकडे बघत म्हणाली, "मॅडम, एका आठवड्यात ते माझे झाले हो. इतकं लवकर कुणी कुणाचं होऊ नये." उज्वला खाली खात्याच्या ऑफिसात जाऊन खातेप्रमुखांपुढे उभी राहिली, आणि तिने सांगितलं की उद्यापासून प्राणीघराचं काम तिला नको. सकाळचे वर्ग द्या. दुपारी ती घरी जाईल. ते चष्मा काढून म्हणाले, "अहो, मग मुलांना धरायला कोण शिकवणार? तुमचा हात..." "इन्शा शिकवेल," ती म्हणाली. "तिचा बसलाय." बाहेर पडल्यावर पाय फाटकाकडे न जाता आपोआप वरच्या व्हरांड्याकडे वळले, काचेपर्यंत जाऊन थांबले, आणि मग फिरले.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून गच्चीच्या कठड्यावर होतं. शेखर अंबडच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता आणि बनियनवर चहा पीत होता. आतल्या खोलीत सगुणाबाई पलंगावर बसून रुद्रचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होत्या, आणि रुद्र त्यांच्या मांडीला टेकून मुठी चोखत होता. उज्वलाने तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली, आणि दारात उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "बाळाला नका नेऊ."

घडी घालणारे हात थांबले नाहीत. "मग बघंल कोण?" "सकाळी शेखर. दुपारनंतर मी." बाहेरून शेखरचा आवाज आला, "मी? माझी पहिली पाळी असते." "दुसरी घे." "अगं, मला विचारलंस तरी का?" "आता विचारतेय ना." तो कप घेऊन दारात आला, बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. "आणि तुझे ते उंदीर?" "सोडले," उज्वला म्हणाली, आणि तिने चावलेलं बोट मुठीत झाकून घेतलं. शेखरने ते पाहिलं, पुढे चेष्टा केली नाही. हळूच म्हणाला, "सुपरवायझरला विचारतो उद्या. देईल तो दुसरी." सगुणाबाई खाली बघूनच म्हणाल्या, "आणि त्यानं बाटली घेतली, रडला नाय, आता लागलंच होतं की वळण." "म्हणूनच, आई," उज्वला म्हणाली. सासूबाईंनी मान वर केली. हातातली घडी मांडीवर ठेवून त्यांनी सुनेकडे पाहिलं. काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. "हे आधी नव्हतं सांगता येत? मी काय हट्टानं न्हेत हुते? मला वाटलं, तुला नोकरीचं वझं व्हतंय." मग त्या भरलेल्या पिशवीतून एक एक कपडा परत काढू लागल्या. दुपटी, टोपडी, पायमोजे. पलंगावर पुन्हा ढीग झाला. रुद्रने तो ओढून अंगावर घेतला आणि खिदळला. उज्वला त्याच्याजवळ बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि नाक पुढे केलं.

पिशवी रिकामी झाल्यावर सगुणाबाईंनी ढिगातून एक झबलं शोधून काढलं. गळ्याशी दुधाचा डाग वाळलेलं, कालचं, न धुतलेलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, आणि घडी न घालता आपल्या लुगड्यांच्या मध्ये खोल सारून दिलं. "येवढं न्हेते," त्या म्हणाल्या. "तेवढाच वास ऱ्हाईल घरात. ह्यांनाही दाखवीन."

कापडात वास किती टिकतो, हे उज्वलाला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही.